आज विमान येत नाहीये

मागच्या अंकात ग्रीनलंडच्या बर्फावर आमच्या युनिव्हर्सिटीच्या टीमबरोबर काढलेल्या दोन उन्हाळ्यांबद्दल लिहिलं होतं. मी तिथे कोणी मोठी सायंटिस्ट वगैरे नव्हते, पीएचडी करणारी पोरगी होते आणि काम काय तर ड्रिलमधून वर आलेला बर्फ मोजायचा, पुसायचा, त्यावर नंबर टाकायचा आणि पेटीत ठेवायचा. तरी तुम्ही प्रश्नांचा ढीग पाठवलाय! सगळे घेणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत. "पेंग्विनला हात लावता येतो का" हे बऱ्याच जणांनी विचारलंय, त्यामुळे तेही घेतलंय, खाली.

प्रश्न : ताई, माझी मुलगी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा गाईड पूर्ण टीमला सात आठवडे ग्रीनलंडला घेऊन चाललाय. ती नुसती उड्या मारतीये आणि मला रात्रीची झोप नाही. थंडी किती असते, आजारी पडली तर कोण बघणार, आणि ठरलेल्या तारखेला परत येईल ना एवढं तरी सांगा. – काळजीत पडलेली आई

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाहीये. परतीची तारीख कॅलेंडरवर पेनाने लिहू नका, पेन्सिलने लिहा. बर्फाच्या मधोमध असलेल्या कॅम्पवर स्की लावलेली मोठी हर्क्युलिस विमानं येतात, आणि ढग खाली आले की जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, सावली नाही, क्षितिज नाही, पायलटला बर्फ कुठे सुरू होतो तेच दिसत नाही, मग तो येत नाही, आणि त्याने येऊही नये. रोज सकाळी रेडिओवर कळायचं, आज विमान येत नाहीये. पहिल्या वर्षी हे वाक्य मी सलग अकरा दिवस ऐकलं. सामान बांधलेलं, तंबू पाडलेला, आणि आम्ही जेवणाच्या तंबूत पत्ते कुटत बसलेलो. तर ती आठवडाभर उशिरा आली तर काहीतरी वाईट झालंय असा अर्थ काढायचा नाही, एवढं आत्ताच मनाशी पक्कं करून टाका.

आता थंडी. ग्रीनलंडच्या मधल्या भागात उन्हाळ्यात साधारण उणे १० ते उणे २५ च्या आसपास असतं, सीझनच्या सुरुवातीला रात्री त्याच्याही खाली. ऐकायला भयंकर वाटतं पण कपडे बरोबर असतील तर निभतं. त्रास होतो तो घामाचा. तीन जाड कपडे घालून फावड्याने बर्फ उपसायला लागलं की दहा मिनिटांत आतून ओलं, मग थांबलं की तोच ओलावा थंड पडतो आणि दात वाजायला लागतात, म्हणून जुने लोक नव्या पोरांना पहिलं काय शिकवतात तर हळू काम कर, आणि घाम यायच्या आधी एक थर काढ. सुती कपडा अंगाला लागून अजिबात नको, तो ओला झाला की वाळतच नाही. आणि हो, सनस्क्रीन! लोकांना हे हसू येतं पण ऊन बर्फावरून खालून वर येतं, हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजतं. मी नाकात लावायचं विसरले होते, पुढचे चार दिवस शिंकताना देव आठवत होता.

उंचीही लक्षात घ्या, बर्फच इतका जाड आहे की कॅम्प अडीच-पावणेतीन हजार मीटरवर असू शकतो, म्हणजे पहिले दोन दिवस डोकं दुखणं, झोप न लागणं हे होणारच.

आजारपणाबद्दल. जायच्या आधी मेडिकल होतं आणि ते नाममात्र नसतं, दातांचे एक्स-रे सुद्धा काढायला लावतात, कारण अक्कलदाढ दुखायला लागली म्हणून विमान बोलावता येत नाही. मोठ्या कॅम्पवर डॉक्टर असतो, छोट्यावर ट्रेनिंग घेतलेला माणूस आणि सॅटेलाइट फोन. तुम्ही हे इंटरनेटवर शोधणारच म्हणून मीच सांगते, १९६१ च्या एप्रिलमध्ये अंटार्क्टिकातल्या नोवोलाझारेव्स्काया या सोव्हिएत स्टेशनवर लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या २७ वर्षांच्या डॉक्टरला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला, तिथे दुसरा डॉक्टरच नव्हता, हिवाळा असल्याने विमान येणार नव्हतं, तर त्याने एका सहकाऱ्याला आरसा धरायला लावून लोकल भूल देऊन स्वतःचं ऑपरेशन स्वतः केलं आणि दोनेक आठवड्यांत कामाला लागला. हे वाचून घाबरू नका. तो ध्रुवीय हिवाळा होता, बाहेर पडायचा रस्ताच बंद. तुमची मुलगी उन्हाळ्यात चाललीये, २४ तास उजेड, हवामान उघडलं की विमान.

बरोबर काय द्यायचं असं विचाराल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी द्या, रात्री अडीच वाजता तंबूत पिवळाजर्द उजेड असतो. लोकरीच्या मोज्यांचे जास्तीचे जोड द्या. आणि दोन डझन साध्या पेन्सिली, पेनातली शाई गोठते.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. बर्फ म्हणजे गोठलेलं पाणीच ना, मग त्यात लाखो वर्षांपूर्वीचं तापमान कसं काय कळतं? सर म्हणाले आयसोटोप, पण पुढचं काही समजलं नाही.

उत्तर : सरांनी बरोबर सांगितलं, फक्त गाडी एका स्टेशनावर थांबली. पाण्यात ऑक्सिजन असतो, त्यातला बहुतेक साधा, १६ नंबरचा, आणि अगदी थोडा जड, १८ नंबरचा. एकाच मूलद्रव्याच्या या हलक्या-जड प्रकारांनाच आयसोटोप म्हणतात. जड वाफ ढगातून आधी खाली पडते. समुद्रावरून निघालेला ढग ध्रुवाकडे जाता जाता थंड होतो आणि वाटेत जड पाणी टाकत जातो, त्यामुळे शेवटी बर्फ होऊन पडतं त्यात जड ऑक्सिजन कमी असतो, आणि हवा जितकी थंड तितका तो अजून कमी. म्हणजे एका थरात जड ऑक्सिजन किती हे मोजलं की त्या काळी थंडी किती होती याचा अंदाज येतो. कोपनहेगन युनिव्हर्सिटीच्या विली डान्सगार्डने १९५२ मध्ये या गोष्टीची पहिली चाचपणी केली ती आपल्या घराच्या अंगणात, बिअरच्या रिकाम्या बाटलीत फनेल खोचून पावसाचं पाणी गोळा करून. पुढे त्याच माणसाने ग्रीनलंडमधल्या कॅम्प सेंच्युरीच्या बर्फावर काम केलं, तिथे १९६६ मध्ये ड्रिल पहिल्यांदा सगळा बर्फ भेदून खालच्या जमिनीला टेकलं, जवळपास १,३९० मीटर.

दुसरी गोष्ट म्हणजे बुडबुडे. वरचं हिम भुसभुशीत असतं, मग वर्षानुवर्षं वरून नवीन पडत राहतं, खालचं दाबलं जातं, आणि साधारण ६० ते १०० मीटर खाली गेलं की हिमाच्या कणांमधली हवा बंद होऊन बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा म्हणजे त्या काळच्या हवेची सीलबंद बाटली. फ्रेंच संशोधक क्लोद लोरियस यांना हे सुचलं म्हणे अंटार्क्टिकात संध्याकाळी व्हिस्कीत जुन्या बर्फाचा तुकडा टाकला आणि त्यातून फसफसून हवा निघाली तेव्हा. (एकाची बिअरची बाटली, दुसऱ्याची व्हिस्की. हा योगायोग आहे, अकरावीच्या पोराने यातून भलता धडा घेऊ नये.)

या बुडबुड्यांमधून काय कळलं? अंटार्क्टिकात डोम सी नावाच्या जागी युरोपच्या टीमने तीन किलोमीटरच्या वर खोल ड्रिल करून ८ लाख वर्षांचा बर्फ काढला, आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग) मध्येच खालीवर होत राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. २०२५ च्या जानेवारीत त्याच भागात नव्या भोकातून २,८०० मीटरवर टीम जमिनीला टेकली, तिथला बर्फ १२ लाख वर्षांहून जुना आहे. याशिवाय ज्वालामुखीची राख, वाळवंटातली धूळ, १७८३ च्या आइसलँडमधल्या लाकीच्या उद्रेकाचं ॲसिड, रोमन लोक धातू वितळवायचे त्यातलं शिसं, १९६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ, सगळं आपापल्या थरात बसलेलं असतं.

आणि एक गंमत सांगते. साधारण ६०० ते १,२०० मीटरच्या मधला बर्फ फार ठिसूळ असतो. आतल्या बुडबुड्यांवर वरच्या बर्फाचा प्रचंड दाब असतो, तो बर्फ वर आणला की दाब सुटतो आणि हातातल्या हातात तडकतो, आवाज येतो, कधी चक्क फुटतो. त्याच्यावर उपाय एकच, काही करायचं नाही. जाळीच्या बाहीत घालून बर्फाच्याच गुहेत ठेवून द्यायचा, बरेचदा पुढच्या सीझनपर्यंत, मग कापायचा. मला तेव्हा फार राग यायचा की एवढा सुंदर बर्फ समोर आहे आणि हात लावायचा नाही.

प्रश्न : एवढा बर्फ घरी आणेपर्यंत वितळत नाही का?

उत्तर : वितळू नये म्हणूनच सगळी धडपड. थर्मोकोलच्या जाड पेट्या, विमानाच्या आतली हीटिंग बंद करून उड्डाण (क्रू कुडकुडत बसतो, बर्फ मजेत), मग फ्रीझर कंटेनर, मग कोल्ड स्टोरेज. अमेरिकेत डेन्व्हरजवळ असं एक कोठार आहे, उणे ३६ डिग्रीला, हजारो मीटर बर्फ नुसता रॅकवर. तरी होतं कधीकधी. २०१७ मध्ये कॅनडातल्या एका विद्यापीठात कूलिंग बिघडून आर्क्टिकमधला बर्फ वितळला होता, हजारो वर्षांचा इतिहास फरशीवर पाणी होऊन. तो फोटो मी एकदाच पाहिलाय, पुन्हा नाही बघणार.

प्रश्न : पेंग्विनला हात लावता येतो का? आणि अस्वल आलं तर?

उत्तर : पेंग्विन दक्षिणेला, पांढरं अस्वल उत्तरेला, दोघांची आयुष्यात भेट होत नाही, त्यामुळे एकाच फोटोत दोघे दिसले तर तो फोटो खोटा. पेंग्विनला हात लावायचा नाही, अंतर ठेवायचं, तो आपणहून जवळ आला तर तुम्ही स्तब्ध उभं राहायचं. अंटार्क्टिकात माणूस सोडून बाहेरचा प्राणी नेताच येत नाही, स्लेज ओढणारे कुत्रेसुद्धा १९९४ पर्यंत सगळे परत न्यावे लागले. अस्वलाचं म्हणाल तर नॉर्वेच्या उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांसारख्या ठिकाणी वस्तीच्या बाहेर जाताना अस्वलाला पळवून लावायचं साधन बरोबर ठेवावंच लागतं. तिथल्या विद्यापीठात नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सेफ्टी कोर्समध्ये बंदूक चालवायला शिकवतात, आणि ती वापरायची वेळ येऊ नये म्हणून काय काय करायचं हेही. ग्रीनलंडच्या आतल्या बर्फावर अस्वलं सहसा नसतात, तिथे त्यांना खायला काही नाही. आम्ही सोडून.

प्रश्न : विचारायला लाज वाटते पण... टॉयलेटचं काय?

उत्तर : लाजू नका, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारत कोणीच नाही. आमच्या कॅम्पला बर्फात खणलेला खड्डा आणि वर तंबू, सीट थर्मोकोलची, कारण थर्मोकोल गार लागत नाही. रात्री तंबूतून बाहेर पडायचं नाही म्हणून प्रत्येकाची आपापली बाटली, बायकांसाठी फनेल मिळतं, आणि ते वापरायची प्रॅक्टिस घरी बाथरूममध्ये करूनच जायचं, हे लिहून ठेवा. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव. पाण्याची बाटली वेगळ्या आकाराची. हे का सांगतीये ते विचारू नका. अंटार्क्टिकात नियम अजून कडक, मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज नावाचा जो कोरडा भाग आहे तिथे तर लघवीसकट सगळं भरून परत न्यावं लागतं.

प्रश्न : उपग्रह आहेत, रोबो आहेत, मग एवढं इंधन जाळून चाळीस माणसं बर्फावर न्यायची गरज काय? लोकांच्या पैशावर सहल वाटते मला तरी.

उत्तर : इंधनाचा मुद्दा मान्य. हवामानबदलाचा अभ्यास करायला हर्क्युलिसमधून जाणं यातली विसंगती कॅम्पवर सगळ्यांनाच टोचते, त्यावरून जेवताना भांडणं होतात. पण सहल? सहलीला कोणी दिवसाला सहा तास फावडं मारत नाही हो.

उपग्रह बर्फाची उंची सांगतो, उंची वाढली असेल तर ते ताजं भुसभुशीत हिम आहे का दाबलेला घट्ट बर्फ आहे हे खाली कोणीतरी खड्डा खणून वजन करून सांगावं लागतं, नाहीतर हिशोब चुकतो. आणि काही गोष्टी वरून दिसतच नाहीत. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकन विद्यापीठांच्या टीमने पश्चिम अंटार्क्टिकात ८०० मीटर बर्फाखालच्या व्हिलान्स नावाच्या तळ्यापर्यंत गरम पाण्याने भोक पाडलं, ते पाणी आधी गाळून, यूव्ही लाइटखाली नेऊन स्वच्छ केलेलं, म्हणजे वरचे जंतू खाली जाऊ नयेत, आणि त्या अंधारात जिवंत सूक्ष्मजीव सापडले.

किंवा उल्का घ्या. १९७६ पासून अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या छोट्या टीम बहुतेक उन्हाळ्यांत अंटार्क्टिकाच्या निळ्या बर्फावर तंबू ठोकून राहतात, स्नोमोबाइलची रांग करून मैदान विंचरतात आणि काळे दगड शोधतात. निळ्या बर्फावर वारा वरचा बर्फ झिजवत राहतो, खाली अडकलेल्या उल्का उघड्या पडतात. आतापर्यंत वीस हजारांच्या वर सापडल्यात. १९८४ मध्ये सापडलेली एक तर मंगळावरून आलेली निघाली, त्यात जीवाश्म आहेत का यावर १९९६ मध्ये केवढा गदारोळ झाला होता. पांढऱ्यावर काळं दिसतं एवढंच काय ते यातलं सोपं, बाकी वारा खात उभं राहायचं.

आणि सगळ्यात वेडं काम दक्षिण ध्रुवावरच. विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने तिथे ८६ भोकं पाडली, प्रत्येक जवळपास अडीच किलोमीटर खोल, त्यात ५,१६० सेन्सर सोडले, २०१० च्या डिसेंबरमध्ये पूर्ण झालं. एक घन किलोमीटर बर्फ म्हणजेच दुर्बीण! न्यूट्रिनो नावाचे कण त्यातून जाताना क्वचित निळसर चमक सोडतात ती टिपायची. आता हे रोबोकडून करून घ्या म्हणालात तर रोबोची केबल गोठल्यावर ती हेअर ड्रायरने शेकायला कोण जाणार?

प्रश्न : मी सायन्सवाला नाही, डिझेल मेकॅनिक आहे. मला कोणी नेईल का?

उत्तर : तुम्हाला आधी नेतील, मला नंतर. जनरेटर बंद पडला तर प्रोफेसर काय करणार, पेपर लिहिणार? ड्रिलर, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, डॉक्टर, रेडिओवाला यांच्याशिवाय कॅम्प उभाच राहत नाही. आमच्या कॅम्पवर सगळ्यात मान कोणाला होता तर स्वयंपाक करणाऱ्याला, त्याच्याशी भांडायची हिंमत टीम लीडरची पण नव्हती. ध्रुवावर स्टेशन चालवणाऱ्या संस्था अशा जागांच्या जाहिराती काढतात, मेडिकल पास व्हावं लागतं आणि मुलाखतीत हमखास बघतात की हा माणूस बंद तंबूत इतरांना सहन होईल का. तेव्हा कामाचा अनुभव सांगाच, पण लांब कुठे राहून लोकांशी जुळवून घेतलंत तेही सांगा.

प्रश्न : ताई, मी नुकताच पहिल्या मोहिमेवरून परत आलोय. सहा आठवड्यांपैकी साडेतीन आठवडे वादळात तंबूत गेले, ड्रिलचा एक महत्त्वाचा पार्ट चुकीच्या पेटीत दुसऱ्याच ठिकाणी गेला, ठरवलं होतं ८० मीटर आणि झालं २२. गाईड म्हणतो होतं असं. पण बाकीच्यांचे फोटो बघितले की रडायला येतं. माझ्या थिसिसचं काय?

उत्तर : अरे, रडून घे आधी. मी पण रडले होते, गॉगलच्या आत, आणि मग गॉगलच्या आत बर्फ झाला.

फोटोंचं म्हणशील तर निळं आकाश असतं तेव्हाच फोटो काढतात रे. वादळात कॅमेऱ्याची बॅटरी पण मान टाकते.

आता मोठ्यांचं काय होतं ते बघ. १८९३ मध्ये नॉर्वेच्या नान्सेन या संशोधकाने फ्रॅम नावाचं जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात गोठवून घेतलं, बर्फ आपल्याला वाहवत ध्रुवावरून नेईल असा हिशोब. जहाज इतकं हळू सरकलं की तो वैतागला आणि एका सोबत्याला घेऊन स्कीवर निघाला, तेही ध्रुवापर्यंत पोचले नाहीत. पण जहाजावर बसून रोजच्या नोंदी चालू होत्या, त्यात दिसलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. ते का, याचं गणित पुढे एकमन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडलं आणि आज समुद्रविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ करावं लागतं. कोपनहेगनच्या टीमचंच बघ, ईशान्य ग्रीनलंडमध्ये वर्षाला पन्नासेक मीटर सरकणाऱ्या बर्फात त्यांचं भोक चालू होतं, महासाथीमुळे २०२० आणि २०२१ असे दोन सीझन कोणी कॅम्पवर जाऊच शकलं नाही, सगळं बर्फाखाली गाडलं गेलं, परत जाऊन उपसलं आणि २०२३ च्या जुलैत तळाला पोचले.

आता तुझं. २२ मीटर म्हणजे शून्य नाही, कुठे ड्रिल केलंस त्यावर अवलंबून काही दशकांचा बर्फ असतो तो, आणि अलीकडची दशकं हवामान केंद्राच्या नोंदींशी ताडून बघता येतात, जी खोलवरची बघता येत नाहीत. थिसिसचा प्रश्न थोडा लहान कर. दुसरं, कोठारांमध्ये जुना बर्फ पडून आहे, अर्ज केला तर विद्यार्थ्यांनाही सॅम्पल मिळतात, गाईडला सांग तुझ्या जागेच्या जवळचा कोणता कोअर (ड्रिलमधून निघालेला बर्फाचा लांब दंडगोल) आहे ते बघायला. तिसरं, पार्ट चुकीच्या पेटीत कसा गेला ते नीट लिहून ठेव, कोणाला दोष द्यायला नाही, पुढच्या पॅकिंग लिस्टसाठी. आमच्याकडे असं झालं त्यानंतर आम्ही प्रत्येक पेटीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे यादी चिकटवायला लागलो.

आणि ते साडेतीन आठवडे. कॅम्पवर वाऱ्याची आणि तापमानाची आपोआप नोंद ठेवणारा लॉगर असेलच, वादळात तो चालू होता का? बर्फ किती साचला ते मोजायला बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या ना, त्यांचं माप रोज कोणी घेतलं होतं का? आधी हे बघ आणि मला कळव.